खंडेनवमीची क्रेन

१

ज्या दिवशी यंत्रांना हळदकुंकू वाहून विसावा द्यायचा, त्याच दिवशी चाकणच्या एका कारखान्यात क्रेनने माणूस मारला. खंडेनवमी होती. पूजा आटोपली होती, नारळ फुटला होता, प्रसादाचे ताम्हण अजून फिरत होते. एवढ्यात मालक उद्धवराव यांचा निगडीहून फोन आला की आजच्या आज प्रेसचा साचा बदला, सणाचे कौतुक नंतर. दत्तोबा हा तेथला सर्वांत जुना कामगार. त्याने खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि तो क्रेनला टांगलेल्या साच्याला हाताने सावरत उभा राहिला. तो अजस्र लोखंडी ठोकळा अचानक आपण होऊन चालू लागला आणि त्याने दत्तोबाला प्रेसच्या खांबाशी दाबून टाकले.

‘आपण होऊन’ हे शब्द क्रेन चालवणाऱ्या विजयश्रीचे. कारखान्याच्या अहवालात ते नव्हते. अहवाल म्हणत होता: क्रेन केवळ रिमोटने चालते, रिमोट विजयश्रीच्या हातात होता, क्रेनवरच्या रिसीव्हरने टिपलेल्या नोंदीत त्याच रिमोटचा कोड आहे, सबब, बटण तिनेच दाबले.

‘सबब’ या शब्दाखाली चारुलताबाईंनी पेन्सिलीची रेघ एवढ्या जोराने ओढली की कागद फाटला.

ताथवड्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात बिनतारी संदेशवहन शिकवता शिकवता तेथल्या व्यवस्थापनाशी कडाक्याचे भांडण करून त्या बाहेर पडल्या होत्या. आता विमा कंपनीसाठी यंत्रांच्या अपघातांची चौकशी करत. ढिसाळ विचार त्यांना दुर्गंधीसारखा सहन होत नसे. आणि येथे तर ढिसाळ विचारावर एका चोवीस वर्षांच्या मुलीची आबरू टांगली होती. चारुलताबाईंनी अहवालाला मान डोलावली, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उद्धवराव तिच्याविरुद्ध मनुष्यवधाची फिर्याद नोंदवणार होते.

अपघाताला चार दिवस झाले होते. देखभाल विभागाचा प्रमुख निमिष त्यांना आत घेऊन गेला. शॉप, म्हणजे यंत्रांची मोठी शेड, रिकामे होते. प्रेसच्या खांबाजवळची फरशी कोणीतरी फार काळजीपूर्वक धुतली होती.

“घड्याळ मागे आहे तुमचं,” चारुलताबाई म्हणाल्या. त्यांच्या मनगटावर अकरा वाजले होते. भिंतीवरचे मोठे घड्याळ पावणेदहा दाखवत होते.

“सेल उतरले असतील. हल्ली बघतं कोण भिंतीवर? सगळ्यांच्या हातात मोबाइल.”

घड्याळाच्या बरोबर खाली खंडोबाचा लहानसा देव्हारा होता आणि त्यापुढे लाकडी फळीवर खंडेनवमीची पूजा जशीच्या तशी मांडलेली. नट आवळायचे पाने, हातोडे, मापाच्या पट्ट्या. त्यांवर वाळलेला झेंडू आणि उधळलेला भंडारा. माणूस गेल्यावर त्या पूजेला हात लावायला कामगार धजले नव्हते. ताम्हण मात्र फळीखालच्या स्टुलावर होते.

चारुलताबाई खाली वाकल्या. सगळी फळी भंडाऱ्याने पिवळी झाली होती. फक्त मधोमध एक जागा स्वच्छ होती: तळहातापेक्षा थोडी मोठी, लांबट, आणि तिच्या वरच्या कडेला बोटाच्या पेराएवढा एक कोंब.

“इथे काय होतं?”

“कुठे?” निमिषने विचारले. त्याने फळीकडे पाहिलेसुद्धा नव्हते.

२

निमिषची केबिन थंडगार होती आणि निमिष त्याहून थंड.

“मॅडम, मी तुम्हाला शिकवावं असं नाही. पण हा रेडिओ रिमोट आहे. त्याचा आवाका तो किती? या शॉपपुरता. बाहेर रस्त्यावर उभा राहून कोणी आमची क्रेन चालवू शकत नाही. प्रत्येक रिमोटचा कोड वेगळा. आमचा रिसीव्हर एकाच कोडचं ऐकतो, आणि तो कोड एकाच रिमोटमध्ये आहे. त्याला जगात जोडीदार नाही. एवढं सुरक्षित आहे हे.”

“आवाका कमी म्हणजे सुरक्षित?”

“अर्थात.”

“कुजबुज लांब जात नाही, हे मला ठाऊक आहे. पण ती कोणी केली, हे तेवढ्यावरून कळत नाही. रिसीव्हरची नोंद दाखवा.”

त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. नोंद छोटी होती. ‘पुढे’ ही आज्ञा, सलग, न थांबता. शेवटी एकदाच ‘थांबा’.

“बघा,” निमिष म्हणाला. “बाईसाहेब म्हणतात, क्रेन हलल्या हलल्या मी लाल बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. नोंद काय म्हणते? एकच थांबा, तोही सगळं संपल्यावर. खोटं बोलतेय ती. मला तिची दया येते, पण तरीही खोटं बोलतेय.”

“रिसीव्हरने जे ऐकलं ते या नोंदीत आहे. जे कोणी बोललं ते सगळं यात असेलच असं नाही.”

“शब्दांचा खेळ झाला हा.”

“शब्दांचा खेळ अहवालात आहे. ‘या कोडची आज्ञा आली’ इथवर नोंद तुमच्या बाजूने आहे. ‘विजयश्रीच्या बोटाने आली’ हे तुम्ही पदरचं घातलं आहे. अपघातानंतर काय झालं?”

इथे निमिषचा आवाज प्रथमच सैल झाला. त्यात थोडा अभिमानही आला. “पळापळ. ॲम्ब्युलन्स बारा वाजता गेली. सनी आणि ती मुलगी तिच्यातच बसून गेले. बाकीच्यांना मी गेटबाहेर काढलं आणि शटर आतून लावून घेतलं. साडेबाराला पोलीस येईपर्यंत मी एकटा आत होतो. पुरावा आहे म्हणून एक खिळासुद्धा हलू दिला नाही.”

“जुना रिमोट कुठे आहे?”

“कुठला जुना?”

“क्रेन नऊ वर्षांची आहे. टेबलावरचा हा रिमोट कालपरवाचा दिसतो.”

 निमिष हसला. “तो उन्हाळ्यातच मेला, मॅडम. लाल बटण रुतायला लागलं होतं. भंगारात गेला.”

 पण मोशीला जाताना रिक्षात त्यांच्या डोळ्यांपुढे फळीवरची ती कोंब फुटलेली स्वच्छ जागा होती, आणि निमिषच्या टेबलावरच्या नव्या रिमोटला बोटाच्या पेराएवढा अँटेनाचा कोंब होता.

३

मोशीच्या जुन्या गावठाणात दत्तोबाचे घर होते, आणि त्याच्याच मागच्या खोलीत विजयश्री भाड्याने राहत होती. धाराशिवकडून आलेल्या या मुलीला क्रेन शिकवली दत्तोबाने, खोली दिली दत्तोबाने. आणि आता कारखाना म्हणत होता की त्याला मारलेही तिनेच.

ओसरीवर सुमनताई, दत्तोबाची बायको, भिंतीला टेकून बसली होती. चारुलताबाईंनी ओळख सांगताच ती म्हणाली, “भावकी रोज यून सांगती, हाकल तिला, नवऱ्याला खाल्लं तुज्या तिनं. आमी म्हनलं, तुमी हाकला तुमच्या घरातलं. ही पोर हितंच ऱ्हाईल.”

“तुमचा विश्वास आहे तिच्यावर?”

“इस्वास कशाला? मला ठावं हाय. यांनी शिकवलेलं मानूस असं बटन दाबत न्हाई.”

विजयश्री दारात उभी होती. डोळे कोरडे, ओठ फुटलेले. “मॅडम, मला एकच सांगा. मी वेडी झाली का? लाल बटण म्या दाबलं हुतं. अंगठा पांढरा पडस्तोर दाबलं. क्रेन ऐकतच नव्हती. जसं काय मी तिथं नाहीच.”

“तू कुठे उभी होतीस?”

“शटरपाशी, पिवळ्या पट्ट्याच्या मागं. नियमच हाय तसा. काका ओरडले, तशी मी पळाली त्यांच्याकडं. बटण दाबूनच पळाली.”

“आणि क्रेन केव्हा थांबली?”

“मी पार तिच्या बुडाखाली गेल्यावर. तवा ऐकलं तिनं.” तिने आपल्या अंगठ्याकडे पाहिले. “जवळ गेल्यावर ऐकलं! निमिष सर म्हणतात, तू घाबरून उशिरा दाबलंस. मग मला बी वाटायलं, तसंच असंल.”

“तसं नाही,” चारुलताबाई म्हणाल्या. त्या इतक्या रागाने म्हणाल्या की मुलगी दचकली. “स्वतःच्या अंगठ्यावर अविश्वास ठेवायला तुला ज्याने शिकवलं, त्याचा मी समाचार घेणार आहे. शटरपासून बोललीस तर क्रेनला ऐकू येत नाही, बुडाखालून बोललीस तर येतं. एरवी शटरपासून ऐकते ती?”

“रोज. कोपऱ्यातनं बी ऐकती.”

“मग त्या वेळी तुझ्यापेक्षा मोठ्याने दुसरं कोणी तरी तिच्या कानाशी बोलत होतं.”

 मग सुमनताई हळूच म्हणाली, “बाई, एक इचारू? यांची एक वस्तू कंपनीत ऱ्हायलीया. तेवढी मिळंल का?”

“कुठली?”

“त्यो जुना रिमोट. नऊ वर्सं गळ्यात घालून हिंडत व्हते. आमी त्याला सवत म्हनायचो.” ती किंचित हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला. “बंद पडला तवा सायबाकडनं मागून घेतला. सायेब म्हनला, मेलाय त्यो, ठिव जा देवापाशी. खंडेनवमीला म्हनले, आज सवतीला बी पूजेत बसवतो, पर दिवा पेटल्याबिगर कसलं हत्यार? त्याच्यातला हिरवा दिवा लावून ठिवनार हाय, म्हनले.”

भंगारात गेलेला रिमोट खंडोबापुढे दिवा लावून बसला होता.

४

सनी हा शिफ्टचा सुपरवायझर, चिंचवडचा, बोलायला मोकळा. चारुलताबाईंनी त्याला कारखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर गाठले.

“दत्तोबांचा जुना रिमोट पूजेत होता?”

“होता ना! आम्ही चेष्टा पण केली. म्हटलं, काका, मेलेल्याची पूजा करताय होय? म्हणाले, मेलेला नाय, जागा करतो बघ. स्टुलावर चढले आणि घड्याळ उतरवलं. म्हणाले, अकरा वाजले, मुहूर्त झाला, आता घड्याळाचं काय काम? मला वाटलं, पुसतायत.”

“घड्याळात सेल किती लागतात?”

“दोन. पेन्सिल सेल. मोठ्ठं घड्याळ आहे राव ते.” सनीचा कप ओठांपाशी थांबला. “आयला. रिमोटला पण दोनच लागतात.”

“स्टोअरमधून का नाही घेतले?”

“सणाला स्टोअर बंद. किल्ली निमिष सरांकडे.”

“आता आठवून सांग. अपघाताच्या वेळी तू कुठे होतास?”

“देव्हाऱ्यापाशीच. प्रसाद वाटून आलो, ताम्हण ठेवायला जागा नव्हती, म्हणून हत्यारांवरच टेकवलं. आणि तेवढ्यात काका—” तो थबकला.  “मॅडम... ताम्हण मी रिमोटवर ठेवलं?”

“ताम्हण आता स्टुलावर आहे. तू हलवलंस?”

“मी तर ॲम्ब्युलन्समधून गेलो. मी हात नाही लावला. मॅडम, म्हणजे मी—”

“ऐक,” चारुलताबाईंनी त्याचे मनगट धरले. “मेलेला म्हणून दिलेल्या खोक्यावर ताम्हण ठेवणं हा गुन्हा नाही. मेला म्हणून जिवंत खोकं देणं हा आहे. चहा पी.”

क्रेनचे काम ठेकेदारीवर बघणारा दिग्विजय मात्र टपरीवर आला नाही. आपल्या चकचकीत गाडीच्या खिडकीची काच अर्धी उतरवून बोलला. सोन्याचे कडे, काळा चष्मा.

“ताई, आपन खंडेनवमीला तळेगावात व्हतो. चार कंपन्यांत पूजेला बोलावलं व्हतं, फोटो हायेत. आपला काय संबंध?”

“नवा रिमोट तुम्ही बसवलात.”

“व्हय.”

“नव्याला नवा कोड दिलात, की जुन्याचाच?”

दिग्विजयने खिडकीबाहेर पाहिले. “गिऱ्हाईक म्हनंल तसं करावं लागतं ना, भाऊ.”

“मी भाऊ नाही. आणि गिऱ्हाईक काय म्हणालं?”

“ते गिऱ्हाइकालाच इचारा.” काच वर गेली. पण पूर्ण वर जाण्याआधी तो एवढे म्हणालाच, “आन् लवकर इचारा. माज्या डिकीतलं वझं मला पेलंना झालंय.”

५

दुसऱ्या दिवशी दुपारी चारुलताबाईंनी सर्वांना शॉपमध्येच बोलावले. उद्धवराव खुर्चीवर बसले. फिर्यादीचा मसुदा त्यांच्या खिशातून डोकावत होता. निमिष त्यांच्या मागे उभा. सनी, दिग्विजय, सुमनताई. विजयश्री शटरपाशी पिवळ्या पट्ट्यामागे उभी राहिली, सवयीने.

“बाई, लवकर उरका,” उद्धवराव म्हणाले. “पाच दिवस प्रॉडक्शन बंद आहे. चारला पोलीस यायचेत.”

“तुमचं प्रॉडक्शन एक दिवस बंद राहिलं असतं तर हे पाच दिवस आले नसते. यंत्र बंद ठेवायचा वर्षातला एक दिवस, तोही तुम्हाला सोसला नाही.” उद्धवरावांनी तोंड उघडले, पण चारुलताबाई थांबणाऱ्या नव्हत्या. “माझ्या सोसायटीच्या गेटवर एक वॉचमन आहे. तो माणसाचा चेहरा बघत नाही. फ्लॅटचा नंबर सांगितला की आत सोडतो. कोणीही सांगितला तरी सोडतो. आणि दोघे एकदम ओरडले तर ज्याचा आवाज मोठा, त्याचं ऐकतो. तुमच्या क्रेनचा रिसीव्हर हा असा वॉचमन आहे. नीट बनवलेल्या रिमोटमध्ये प्रत्येक आज्ञेबरोबर नवी खूण जाते, आणि एकदा वापरलेली खूण पुन्हा चालत नाही. तुमच्याकडे नऊ वर्षं एकच परवलीचा शब्द आहे, आणि तो उच्चारणारी तोंडं दोन होती.”

“एकच!” निमिष म्हणाला.

“दोन. नवा रिमोट घेतला तेव्हा रिसीव्हरचा आणि त्याचा कोड दोन्ही बदलायला हवे होते. तसं केलं असतं तर जुना खरोखर मेला असता. तुम्ही नव्यालाच जुन्याचा कोड शिकवायला लावलात. का? ड्रॉवरमध्ये फुकटची स्टेपनी राहावी म्हणून. मग दत्तोबांनी तो मागितला, आणि तुम्ही ‘मेलाय’ म्हणून देऊन टाकलात. दोन सेल घालून बघायचे कष्ट घेतले नाहीत.”

“हे सगळं कल्पनेचं—”

“दत्तोबांनी घड्याळातले सेल काढून रिमोटमध्ये घातले. हिरवा दिवा लागला. रिमोट पूजेत बसला, आणि त्यावर भंडारा उधळला. कोणी बटण दाबत नव्हतं तोवर तो मुका होता. मग प्रसादाचं ताम्हण त्यावर टेकलं आणि ‘पुढे’ हे बटण दबलं. दबूनच राहिलं. त्या वेळी क्रेन बरोबर देव्हाऱ्याच्या वर होती. विजयश्री शटरपाशी लाल बटण दाबत होती, पण तिचा आवाज लांबचा. जवळच्या आवाजाखाली तो बुडाला. ती धावत बुडाखाली आली तेव्हा कुठे वॉचमनला ऐकू गेला. लाल बटणाने एकदा थांबली की पुन्हा चालू करेपर्यंत क्रेन कोणाचंच ऐकत नाही, म्हणून नोंदीत ‘थांबा’ एकच आहे. अहो, ज्या नोंदीवरून तुम्ही तिला खुनी ठरवलंत, तीच नोंद तिचं बोलणं अक्षरशः खरं ठरवते!”

विजयश्रीने शटरचा आधार घेतला.

“छान गोष्ट आहे,” निमिष शांतपणे म्हणाला. “पण तो रिमोट कुठे आहे? पोलिसांनी शॉप पाहिलं. रिमोट नव्हता. आणि तुमच्या गोष्टीत सेल घड्याळातून काढलेत. घड्याळ तर चालू आहे. बघा.”

सगळ्यांनी वर पाहिले. घड्याळ खरोखरच चालू होते.

६

“आता किती वाजले, उद्धवराव?” चारुलताबाईंनी विचारले.

“साडेतीन.”

“घड्याळात?”

“सव्वादोन. मागे पडतंय ते.”

“मागे पडत नाही. मागे आहे. काल सकाळी मी आले तेव्हा ते सव्वा तास मागे होतं. आज दुपारी सव्वा तासच मागे आहे. सेल उतरलेलं घड्याळ रोज आणखी मागे पडतं. हे पडत नाही, नीट चालतंय. याचा अर्थ ते मधे एकदा बंद पडलं आणि सव्वा तासाने पुन्हा सुरू झालं. सनी, दत्तोबांनी ते केव्हा उतरवलं?”

“अकराला. मुहूर्त त्यांनीच सांगितला.”

“अकरा आणि सव्वा तास म्हणजे सव्वाबारा. सव्वाबाराला कोणीतरी रिमोटमधले सेल काढले आणि घड्याळात परत घातले. कारण बंद घड्याळ पाहून कोणीही विचारलं असतं की याचे सेल गेले कुठे. हुशार माणूस आहे. फक्त काटे पुढे सरकवायचे त्याला सुचलं नाही. बघतं कोण भिंतीवर? सगळ्यांच्या हातात मोबाइल. आता सांगा, सव्वाबाराला इथे कोण होतं? दत्तोबा, सनी, विजयश्री ॲम्ब्युलन्समधून गेले होते. दिग्विजय तळेगावात. उद्धवराव निगडीला. कामगार गेटबाहेर. आणि शटर?”

सनीने शटरकडे वळून पाहिले.

“शटर आतून बंद होतं. ‘मी एकटा आत होतो, एक खिळासुद्धा हलू दिला नाही,’ हे मला काल एका गृहस्थाने अभिमानाने सांगितलं.”

निमिषचा चेहरा अजून थंडच होता, पण त्याचा हात उद्धवरावांच्या खुर्चीच्या पाठीवर घट्ट आवळला होता. “घड्याळ हा पुरावा होत नाही.”

“माजी डिकी व्हती की पुरावा!” दिग्विजय एकदम ओरडला. “सायेब, लई झालं! परवा माज्या हातात कुनी दिला त्यो? कोड पुसून टाक, म्हनला. वर म्हनला, मी अडकलो तर तुला बी घेऊन जाईन. मी नाय पुसला. मला काय खुळा समजला व्हय?” तो तरातरा बाहेर गेला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वस्तू घेऊन आला. चारुलताबाईंनी पिशवीला हात लावू दिला नाही, बाहेरूनच दाखवली. काळी टेप गुंडाळलेला जुना रिमोट. बटणांच्या खाचांत पिवळाधमक भंडारा.

सुमनताईने तो ओळखला.  तिचा हात पुढे झाला आणि मागे गेला.

“मी ताम्हण उचललं तेव्हा काका गेलेले होते,” निमिष म्हणाला. त्याचा आवाज आता दुसऱ्याच माणसाचा होता. “माझ्या बोलण्याने ते परत येणार नव्हते. मी... फक्त कंपनीचं नाव...”

“कंपनीचं नाव वाचवायला तुम्ही एका जिवंत मुलीचं नाव घेतलंत.”

उद्धवराव उठले. त्यांनी फिर्यादीचा मसुदा खिशात खोल दाबला, घसा साफ केला आणि समजूतदार स्वरात म्हणाले, “झालं ते वाईट झालं. पण एक बाजू बघा, बाई. सेल शेवटी दत्तोबानेच घातले. म्हणजे अपघात, म्हटलं तर, त्याच्याच हातून...”

चारुलताबाई वळल्या. सनीने पुढे अनेकदा सांगितले की त्या क्षणी त्या बाईंपेक्षा त्याला प्रेसची भीती कमी वाटली असती.

“पाच दिवस या मुलीच्या हाताने झाला. आज ती सुटली, तर लगेच मेलेल्या माणसाच्या हाताने झाला! तुमच्या कारखान्यात साहेबांना हात नसतात का? त्याने आपल्या हत्याराला दिवा लावला. हे हत्यार मेलं आहे, असं त्याला सांगणारा माणूस पगारावर ठेवलाय तुम्ही, आणि सणाला साचा टांगायला लावणारा फोनही तुमचाच. माझ्या अहवालात या दोन ओळी पहिल्या असतील. त्यानंतर तुम्हाला कोणाविरुद्ध फिर्याद द्यायची ती खुशाल द्या.”

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. उद्धवराव विजयश्रीकडे वळले आणि प्रथमच तिच्याशी बोलले. “बाळ, तू जरा मागच्या दाराने ऑफिसात जाऊन बैस. हे आम्ही बघतो.”

“नाही,” विजयश्री म्हणाली. ती पिवळा पट्टा ओलांडून पुढे आली आणि सुमनताईच्या शेजारी उभी राहिली. “पाच दिवस तुम्हीच बघितलं. आता मी हितंच थांबते.”

“थांब गं माजी बाय,” सुमनताई म्हणाली आणि तिने तिचा तो अंगठा आपल्या मुठीत घेतला.

सनी नकळत स्टुलावर चढला होता. त्याचा हात घड्याळाच्या काट्यांकडे गेला होता.

“खाली उतर!” चारुलताबाई कडाडल्या. “काट्याला हात लावलास तर तुझंही नाव लिहीन.”

हवालदार आत आला. त्याने फळीवरचे पाने जरा बाजूला सारावेत म्हणून हात पुढे केला, एकाच वेळी तीन बायकांच्या नजरा पाहून तो मागे घेतला, आणि उभ्याउभ्याच पंचनाम्याचा कागद काढला.

“वेळ काय लिहू?” त्याने विचारले.

विजयश्रीने भिंतीकडे बोट केले.

“दोन्ही लिहा,” ती म्हणाली. “बाहेरची बी, आन् हितली बी.”